सी. रामचंद्र : नाचघरातला ताल गल्लीत आणणारा संगीतकार

हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळातील अग्रगण्य संगीतकार सी. रामचंद्र यांचे नाव निघाले की मराठी रसिकांना प्रथम आठवतो तो ‘अनारकली’ आणि त्यातील भीमपलास. राष्ट्रीय सोहळ्यांत त्यांचे स्मरण होते ते १९६३ मध्ये प्रथम गायल्या गेलेल्या, सैनिकांच्या बलिदानावरील गीतामुळे. परंतु त्यांच्या संगीताचा सर्वाधिक दूरवर पोहोचलेला भाग निराळाच आहे. अटलांटिक महासागराच्या पलीकडे, गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांनी घडवलेले नृत्यताल या पुणतांब्याच्या माणसाने मुंबईच्या आलिशान हॉटेलांतून उचलले आणि ज्यांच्यासाठी त्या हॉटेलांचे दार कधी उघडले नसते, अशा असंख्य लोकांच्या पायांत घातले. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, चाळीतील गॅदरिंग अशा कोणत्याही ठिकाणी आजही ते ताल ऐकू येतात. नाचणाऱ्यांना संगीतकाराचे नाव ठाऊक असतेच असे नाही.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. याच जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेल्या नगरच्या निजामशाहीचा कारभार सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबर या इथिओपियात जन्मलेल्या मुत्सद्द्याने सांभाळला होता. आफ्रिकेशी या भूमीचे नाते असे जुने आहे. चितळकरांपर्यंत मात्र आफ्रिकेचा ताल आला तो तीन शतकांनंतर आणि अर्ध्या जगाला वळसा घालून.

त्यांचे संगीतशिक्षण पूर्णतः अभिजात वळणाचे होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गांधर्व महाविद्यालयात आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले. तथापि त्यांची ओढ रजतपटाकडे होती. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली, पण नायक म्हणून त्यांचे नाव झाले नाही. पुढे सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी किरकोळ भूमिका केल्या आणि तेथील संगीत विभागात हार्मोनियमवादक म्हणून साथ केली. अभिनयाची वाट खुंटलेल्या तरुणाला पेटीने आधार दिला, असे म्हणावे लागेल. योगायोग असा की, १९४० मध्ये आकाशवाणीने हेच वाद्य भारतीय संगीताला अयोग्य ठरवून आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केले आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. काय शुद्ध आणि काय भ्रष्ट, हा वाद चितळकरांच्या पाठीशी असा आरंभापासूनच लागलेला होता.

याच काळात त्यांची गाठ भगवान आभाजी पालव यांच्याशी पडली. गिरणी कामगाराचा हा मुलगा मूकपटांच्या अखेरच्या पर्वात पडद्यावर आला आणि पुढे कमी खर्चाचे, मारधाडीचे चित्रपट स्वतः दिग्दर्शित करू लागला. या चित्रपटांचा प्रेक्षक म्हणजे प्रामुख्याने कामगार वस्त्यांतील माणूस. भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वनमोहिनी’ (१९४१) या तमिळ चित्रपटाला चितळकरांनी संगीत दिले आणि १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीतही ही जोडी स्थिरावली. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून केवळ चितळकर आणि मित्रमंडळींत अण्णा अशी त्यांची नावे प्रचलित झाली.

ताजमहाल हॉटेलातील पाहुणे

त्या काळच्या मुंबईत एक वेगळेच संगीत ऐकू येत होते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्यामागून इतरही कृष्णवर्णीय वादक मुंबईत आले. शिकागोत नाव मिळवलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबई आणि कोलकाता येथे वर्षानुवर्षे वाजवत राहिले आणि १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीच्या आजाराने त्यांचे निधन झाले. मायदेशात वर्णभेदामुळे ज्या हॉटेलांत पाहुणे म्हणून पाऊल ठेवणे त्यांना अशक्य होते, तशाच थाटाच्या हॉटेलात येथे ते मानाने वावरत होते.

त्यांनी आणलेले संगीत मुळात सामुदायिक नृत्याचे होते. न्यू ऑर्लिन्स शहरातील काँगो स्क्वेअर या मैदानात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलाम माणसे रविवारी एकत्र जमत, ढोल वाजवत आणि कडे करून नाचत. आठवड्यातील तेवढेच काही तास त्यांचे स्वतःचे असत. जॅझचा उगम सांगताना इतिहासकार या मैदानाचा उल्लेख टाळू शकत नाहीत. क्यूबात रुंबा आणि ब्राझीलमध्ये सांबा यांची जडणघडणही अशाच समाजांत झाली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ मध्ये सुरू झालेल्या सव्हॉय बॉलरूममध्ये कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय एकाच फरशीवर नाचत असत आणि तत्कालीन अमेरिकेत ही गोष्ट सामान्य नव्हती.

मुंबईत मात्र हे संगीत आले ते उलट्या दिशेने. येथे ते संस्थानिक, युरोपीय अधिकारी आणि धनिक व्यापारी यांच्या मेजवानीचे भूषण झाले. जोडप्याने नाचायचे, ठरावीक पोशाख घालायचा आणि भोजनाचे देयक चुकते करायचे. घामाने निथळणाऱ्या गर्दीचे संगीत पांढऱ्या हातमोज्यांत गेले.

हॉटेलाच्या व्यासपीठावर या पाहुण्यांच्या शेजारी आणि पुढे त्यांच्या जागी बसले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अंमलात चर्चला जोडलेल्या शाळांमधून गोव्याच्या ख्रिस्ती मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. कागदावरील स्वर वाचून वाजवण्याची ही विद्या त्यांना मुंबईत उपजीविका देऊन गेली. बार्देशमधील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. चिक चॉकलेट या नावाने ते ट्रम्पेट वाजवत आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीवर त्यांची इतकी पकड होती की त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हटले जाई.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय श्रोता परतला. मुंबई प्रांतात १९४९ च्या कायद्यान्वये दारूबंदी आली आणि हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींना उतरती कळा लागली. त्याच वेळी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, असा अनेक गोमंतकीय वादकांचा दिनक्रम झाला. दारूबंदीने हिंदी चित्रपटसंगीताचे जेवढे भले केले तेवढे कोणत्याही सरकारी पुरस्काराने केले नसावे.

आठ मात्रांचे नाते

सी. रामचंद्र यांच्यावर अमेरिकी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या स्विंग शैलीचा प्रभाव होता. चिक चॉकलेट यांना त्यांनी सहायक म्हणून सोबत घेतले आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, गिटार व बोंगो यांचा ताफा उभा केला. १९४७ मधील ‘शहनाई’ या फिल्मिस्तानच्या चित्रपटात त्याची पहिली मोठी चुणूक दिसली. त्यातील रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे विनोदी गीत, त्यातली शीळ आणि इंग्रजी-हिंदीची सरमिसळ देशभर गाजली. जाणकारांनी नाके मुरडली. शास्त्रोक्त तालीम घेतलेल्या माणसाने असा पोरखेळ करावा, याचे अनेकांना वैषम्य वाटले.

तो पोरखेळ नव्हता, हे तालाकडे लक्ष दिल्यास कळते. आपला केरवा आठ मात्रांचा, चार आणि चार अशा दोन समान भागांचा. आफ्रिकी परंपरेतून क्यूबात स्थिरावलेल्या तालांतही आठचाच हिशेब आहे, परंतु विभागणी तीन, तीन आणि दोन अशी होते. आघात अपेक्षित जागी पडत नाही. ती रिकामी राहिलेली जागा भरण्यासाठी खांदा, कंबर किंवा पाऊल आपसूक हलते. नाच शिकवावा लागत नाही, तो तालातच दडलेला असतो. सी. रामचंद्र यांनी केरव्याच्या चौकटीत ही विषम विभागणी बसवली. त्यामुळे ढोलकीवर वाढलेल्या कानाला ताल परका वाटला नाही आणि जुनाही वाटला नाही.

दुसरे साम्य प्रतिसादाचे. एकाने ओळ टाकायची आणि समूहाने ती झेलायची, ही आफ्रिकी गायनाची रीत अमेरिकेतील शेतमजुरांच्या गाण्यांतून आणि चर्चमधील भजनांतून जॅझमध्ये आली. महाराष्ट्रात शाहिरामागे झीलकरी असतात, भारुडात आणि कीर्तनात टाळकरी असतात. ज्याच्या कानावर लहानपणापासून झील पडली आहे, त्याला कोरसचे उत्तर म्हणजे घरचीच गोष्ट. सी. रामचंद्र यांच्या नृत्यगीतांत कोरस हा शोभेचा पडदा नसतो. तो गर्दीच्या वतीने बोलतो.

सर्व काही स्वतंत्र होते, असे मात्र नाही. ‘समाधी’ (१९५०) या आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटातील लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांचे ‘गोरे गोरे’ हे लोकप्रिय द्वंद्वगीत ‘डॉल फेस’ या १९४५ मधील हॉलिवूडपटात कार्मेन मिरांडा यांनी गायलेल्या गाण्यावर उघडपणे बेतलेले आहे. उसनवारी ती उसनवारीच. तरीही मूळ गाणे आणि हिंदी गाणे लागोपाठ ऐकल्यास एक फरक जाणवतो. हॉलिवूडने ब्राझीलच्या गल्लीतला सांबा रंगमंचावर नेऊन झगमगीत केला होता. सी. रामचंद्र यांनी तो पुन्हा दोन मैत्रिणींच्या थट्टेत, म्हणजे साध्या माणसांच्या तोंडी आणून ठेवला.

‘अलबेला’

१९५१ साली भगवान यांनी आपले सर्वस्व पणाला लावून ‘अलबेला’ काढला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक ते स्वतःच होते, नायिका गीता बाली. मारधाडीच्या चित्रपटांचा शिक्का पुसून सामाजिक चित्रपट काढावा, असे त्यांना राज कपूर यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. नायक म्हणून भगवान यांचे रूप रूढ कल्पनेत बसणारे नव्हते. बुटका बांधा, स्थूल देह आणि चेहऱ्यावर गिरणगावातील कोणाही माणसाचा भाव. गीते राजेंद्र कृष्ण यांची होती. नायकाची बहुतेक गाणी संगीतकारानेच चितळकर या नावाने गायली.

‘शोला जो भडके’ या गीतात सी. रामचंद्र यांच्या प्रयोगाला पूर्णत्व आले. बोंगोचा ठेका प्रथम एकटा सुरू होतो, मग ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन येतात. याच चित्रपटात पडद्यावर खुद्द चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह दिसतात. भारतीय चित्रपटात वादकांना असे समोर येण्याचे भाग्य क्वचितच लाभले.

भगवान यांचा नाच हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. ते उड्या मारत नाहीत, गिरक्या घेत नाहीत. गुडघे किंचित वाकलेले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर अलगद सरकणारे, हात सैल आणि खांदे तालात. युरोपीय नृत्यगृहातील ताठ कणा येथे नाही. शरीर जमिनीकडे झुकलेले असते आणि आफ्रिकी वंशाच्या नृत्यपरंपरांचे हेच लक्षण मानले जाते. भगवान यांनी ते कोणत्या शाळेत शिकले नव्हते. या नाचाचे खरे सामर्थ्य असे की तो कोणालाही जमतो. वय, बांधा, लाज यांपैकी काहीही आड येत नाही. पुढील काळात अमिताभ बच्चन यांच्यासह अनेक अभिनेत्यांनी ही पावले उचलली, पण त्याआधी ती लग्नाच्या बँडपुढे नाचणाऱ्या काकांनी आणि मामांनी उचलली होती. जोडप्याचा नाच पुन्हा जमावाचा झाला.

‘अलबेला’ त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला. त्याच चित्रपटात बाळाला निजवणारी एक हळुवार अंगाईही आहे आणि ती याच संगीतकाराची आहे, याची आठवण करून देणे येथे आवश्यक आहे.

नभोवाणीचे बंद दार

या आनंदाला सरकारदरबारी मान्यता नव्हती. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. केसकर मराठी भाषक, अभिजात संगीताचे मर्मज्ञ आणि चित्रपटगीतांचे कठोर टीकाकार होते. पाश्चात्त्य वाद्ये आणि उडत्या चाली यांमुळे जनतेची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर निर्बंध आले, निर्मात्यांशी वाद झाला आणि ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांचा हेतू प्रामाणिक होता आणि अनेक अभिजात कलावंतांना त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीचे दार उघडले, हेही नाकारता येत नाही.

श्रोत्यांनी मात्र आपले उत्तर शोधले. त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. १९५२ च्या डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि भारतीय चित्रपटांची गाणी भारतीय श्रोता परदेशी केंद्रावरून ऐकू लागला. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली. ज्या संगीताला दार बंद केले होते, त्याच संगीतासाठी स्वतंत्र दालन उघडावे लागले.

हा वाद केवळ अभिरुचीचा नव्हता. नाचणाऱ्या देहाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती त्यामागे होती. काँगो स्क्वेअरमधील ढोलांवरही अधिकाऱ्यांची नजर असे आणि अमेरिकेच्या अनेक भागांत गुलामांना ढोल वाजवण्यास मनाई होती. रॉक अँड रोलबद्दल पन्नासच्या दशकातील अमेरिकी धर्मोपदेशक जे म्हणत, त्याचा सूर मुंबई-पुण्यातील तक्रारींशी मिळताजुळता होता.

निरर्थक शब्दांचा अर्थ

‘विविध भारती’च्या जन्मवर्षीच, १९५७ मध्ये, एम. व्ही. रामन यांचा ‘आशा’ प्रदर्शित झाला. त्यातील ‘इना मीना डीका’ हे गीत म्हणजे हिंदी चित्रपटातील रॉक अँड रोलचा आरंभ मानण्यास हरकत नाही. किशोर कुमार आणि आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायले. संगीतकक्षाबाहेर खेळणाऱ्या मुलांची इंग्रजी बडबडगाण्यातील अक्षरे कानावर पडली आणि त्यातून मुखडा सुचला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. सी. रामचंद्र यांचे सहायक जॉन गोम्स गोव्याचे होते. त्यांनी त्यात ‘मला नको’ अशा अर्थाचे कोकणी शब्द मिसळले. बालगीत इंग्रजी, नकार कोकणी, ठेका कृष्णवर्णीय अमेरिकेचा आणि गाणारा खांडव्याचा बंगाली. मुंबई शहराचे इतके अचूक चित्र फार थोड्या गाण्यांत सापडेल.

निरर्थक अक्षरांवर गाण्याची ही पद्धत जॅझमध्ये स्कॅट म्हणून ओळखली जाते आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२६ मधील ध्वनिमुद्रणामुळे ती लोकप्रिय झाली. विनायकबुवांच्या शिष्याला ती नवखी वाटण्याचे कारण नव्हते. तराण्यातही अर्थ बाजूला सारून केवळ अक्षरांच्या नादावर लय खेळवली जाते. दोन परंपरांमधील हा दुवा त्यांनी जाणीवपूर्वक साधला की सहज साधला गेला, हा प्रश्न गौण आहे. भाषा कळण्याची अटच नसल्यामुळे हे गाणे ज्याच्या कानी पडले, त्याचे झाले.

दोन टोकांचा संगीतकार

उडत्या चालींचा संगीतकार हा शिक्का सी. रामचंद्र यांनी अनेकदा पुसून दाखवला. नंदलाल जसवंतलाल यांच्या ‘अनारकली’ने (१९५३) त्यांना गझल आणि रागदारीच्या रसिकांत मान मिळवून दिला. ‘आझाद’ (१९५५) या दिलीपकुमार-मीनाकुमारी यांच्या चित्रपटाचे संगीत अवघ्या महिनाभरात हवे होते. नौशाद यांनी त्या अटीवर नकार दिला आणि सी. रामचंद्र यांनी ते काम मुदतीत पूर्ण केले. व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’मध्ये (१९५९) त्यांनी होळीच्या सामुदायिक नाचाला देशी ठेक्यावर तितकेच चैतन्य दिले. बोंगो असो वा ढोलक, गर्दीला कधी उचलायचे याची त्यांची जाण तीच होती.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी कवी प्रदीप यांचे हुतात्मा सैनिकांवरील गीत गायले. चीनबरोबरच्या युद्धाला काही आठवडेच उलटले होते. चाल सी. रामचंद्र यांची होती. २०२२ पासून ती दिल्लीतील ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात सैनिकी वाद्यवृंदांनीही वाजवली. देशाला नाचवणाऱ्या संगीतकाराची अधिकृत ओळख देशाला रडवणाऱ्या गीताने व्हावी, यात काही गैर नाही. पण ती अर्धीच ओळख आहे.

नामावलीबाहेरचे हात

सी. रामचंद्र यांच्या आदर्शस्थानी असलेल्या बेनी गुडमन यांच्या यशामागे फ्लेचर हेंडरसन हे कृष्णवर्णीय संगीतरचनाकार होते. गुडमन यांचा वाद्यवृंद ज्या स्वरलेखनावर गाजला, त्यातील बराच भाग हेंडरसन यांचा होता. कीर्ती मात्र गुडमन यांना मिळाली. मुंबईत हीच कथा वेगळ्या नावांनी घडली. चाल संगीतकार बांधी. तिच्यामागील वाद्यांचे संवाद, पूरक सूर आणि मधल्या जागा पुष्कळदा गोमंतकीय सहायक कागदावर उतरवत. चिक चॉकलेट, जॉन गोम्स, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे चित्रपटाच्या नामावलीत आली तर सहायक म्हणून येत, अनेकदा येतच नसत. तबकडीवर तर त्यांना जागाच नव्हती. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला ठाऊक झाले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून गुरूला मानवंदना दिली म्हणून, आणि तेव्हाही बहुसंख्य प्रेक्षकांना तो काल्पनिक पात्राचाच विनोद वाटला.

सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना पडद्यावर आणले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु त्या चित्रपटाच्या गीतांचे श्रेय देताना आजही संगीतकाराच्या नावापुढे पूर्णविराम पडतो. चिक चॉकलेट यांचे १९६७ मध्ये मुंबईत निधन झाले. त्या वेळी त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

उत्तरकाळ

साठच्या दशकात हिंदी चित्रपटांतील त्यांची मागणी ओसरत गेली. लता मंगेशकर यांच्यासोबतचे त्यांचे सूर पूर्वीसारखे जुळलेले नव्हते. वाद्यवृंद आणखी मोठे झाले आणि रॉक, ट्विस्ट यांची नवी लाट घेऊन तरुण संगीतकार पुढे आले. ज्या दारातून ते आत आले, ते दार सी. रामचंद्र यांनीच उघडलेले होते. ते मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) या चित्रपटांची गाणी त्यांनी केली. ‘घरकुल’मधील मुलांचे गाणे आजही मराठी घरांत म्हटले जाते. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या आणि त्याचे कार्यक्रम केले. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातील मोकळेपणाने काही जण दुखावले गेले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता.

भगवान त्यानंतर वीस वर्षे जगले. ‘अलबेला’नंतरच्या चित्रपटांनी त्यांना हात दिला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीतील खोलीत राहू लागले. छोट्या भूमिकांत दिग्दर्शक त्यांच्याकडून तीच जुनी पावले मागत आणि ते ती देत. गणेशोत्सवात मिरवणूक त्यांच्या चाळीजवळ आली की थांबत असे. बँडवाले ‘अलबेला’मधील चाल धरत आणि भगवानदादा खाली उतरून गर्दीत नाचत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला आणि मंगेश देसाई यांनी त्यात पुन्हा तीच पावले टाकली.